शशी, तो रस्ता सपाट नव्हता

शशी, आधी घटनाक्रम नोंदवतो. सुरू झाला ह्याचा अर्ज, असं तू म्हणशील. म्हण.

गुरुवार. आपल्या इमारतीकडून दहिसरला जाताना जे वळण लागतं, तिथे गाळ काढण्यासाठी पावसाळी गटाराचं झाकण उघडलं गेलं आणि उघडंच राहिलं. जबाबदार: कंत्राटदार. त्याच संध्याकाळी तू त्या भोकात गुलमोहराची फांदी उभी केलीस आणि तिला घरून आणलेली, सुनंदावहिनींच्या जुन्या साडीची लाल पट्टी बांधलीस.

शुक्रवार. मी विभाग कार्यालयात तक्रारीचं पत्र दिलं आणि शिक्का मारून पोच घेतली. जबाबदार: ज्या अभियंत्याच्या टेबलावर ते पत्र गेलं, तो.

रविवार. कुणा मान्यवरांचा ताफा त्या रस्त्यानं जाणार होता. सकाळी रस्ता झाडला गेला, फांदी उपटली गेली, भोकावर प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावर माती आणि खडी पसरली गेली. समोरच्या इस्त्रीवाल्यानं हे पाहिलं आणि मंगळवारनंतर मला सांगितलं. जबाबदार: ज्यानं हा हुकूम दिला, तो अधिकारी. त्याचं नाव मला कुणी सांगत नाही.

सोमवार. तू मला फोन केलास. त्याविषयी पुढे लिहितो. इथे लिहिलं तर पुढच्या दोन नोंदी माझ्या हातून होणार नाहीत.

मंगळवार. सकाळी तुझ्या सायकलचं पुढचं चाक त्या प्लायवूडमधून आत गेलं.

गुरुवार. तू गेलास.

यानंतर कार्यालयाकडून उत्तर आलं. सही आहे, नाव वाचता येत नाही. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘सदर ठिकाणी झाकण सुस्थितीत होते, सायकलस्वाराचे वय व निष्काळजीपणा यांमुळे त्याचा तोल गेला असावा.’ शशी, मी चाळीस वर्षं विमा कंपनीच्या विधी विभागात काढली. ‘असावा’ या शब्दावर मी कुणाचा दावा कधी फेटाळला नाही, आणि फेटाळणाऱ्यांना फेटाळू दिला नाही. इथे त्या एका शब्दावर एका मेलेल्या माणसाला दोषी ठरवून फाईल बंद केली आहे. हे उत्तर सुनंदावहिनींनी वाचलं आहे. माझं भांडण यापुढे फक्त त्या वाक्याशी आहे.

निष्काळजीपणा. तुझा. आता मला साक्ष द्यायची आहे, आणि साक्षीदार म्हणून माझी पात्रता एकच: मी श्रीलंकेच्या किनाऱ्यानं तुझ्या मागच्या चाकाकडे बघत सायकल चालवली आहे. माणूस कसा आहे हे त्याच्या समोर बसून जेवढं कळतं, त्याहून जास्त त्याच्या मागून सायकल चालवताना कळतं.

तुला आठवतं, त्या प्रवासाला मी तयार नव्हतो. माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि मी दिवसाला दोन-दोन तक्रारी लिहीत होतो: पदपथ, भोंगे, पाण्याचा दाब, काहीही. तू एका सकाळी माझ्या दारात दोन सायकली घेऊन उभा राहिलास आणि विचारलंस, आज कुणावर खटला आहे. मग मला गोराईच्या जेट्टीवर नेलंस, बोटीत सायकली चढवल्यास आणि उत्तनपर्यंत नेऊन आणलंस. दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या इतक्या दुखत होत्या की एकही पत्र लिहवलं नाही. तू म्हणालास, हाच औषधाचा गुण. पुढे उत्तनचं पालघर झालं, पालघरचं तुझं मालवण झालं, आणि एक दिवस तू भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून म्हणालास की हा देश बघ, केवढासा आहे, आंब्याच्या कोयीएवढा, ह्याच्या कडेकडेनं जाऊ. भूगोलाच्या शिक्षकाला देश कोयीएवढाच दिसतो. मी विचारलं, त्या कोयीचा परीघ किती आहे, माहीत आहे का? तू म्हणालास, ‘होतला रे, सगळा होतला.’ तुझ्या गावचं हे वाक्य कोणत्याही न्यायालयात पुरावा म्हणून टिकलं नसतं. मी मात्र त्यावर विसंबून पासपोर्ट काढला.

साक्ष सुरू करतो. नेगोंबोहून दक्षिणेकडे निघालो तेव्हापासून तू पुढे होतास, कारण माझी नजर दूरचं बघते आणि तुझी चाकापुढचं, असा तुझा सिद्धांत. रस्त्यात खड्डा दिसला की तू डावा हात पाठीमागे घेऊन बोट खाली दाखवायचास. मी ‘दिसला’ म्हणेपर्यंत हात तसाच. एकदा मी मुद्दाम बोललो नाही, तर तू सायकल थांबवलीस, उतरलास आणि वर्गात मुलाला विचारावं तसं विचारलंस, ‘फळ्यावर काय लिहिलंय ते दिसत नाही का रे?’ पावसाचं पाणी साचलेल्या डबक्यात तू कधीच चाक घातलं नाहीस. तळ दिसत नाही तिथे जायचं नाही, हा तुझा नियम होता. रूळ आडवे आले की तू उतरून सायकल हातानं न्यायचास. रस्त्याच्या मधोमध झोपलेल्या तिथल्या कुत्र्यांनासुद्धा वळसा घालताना तू घंटी वाजवायचास, आणि ती हलायची नाहीत म्हणून त्यांची माफी मागायचास. हेल्मेटचा पट्टा चहा पितानाही सोडायचा नाहीस. चहावाल्यानं एकदा तुला खुणेनं विचारलं, आत पाऊस पडणार आहे का. तू त्याला मराठीत समजावून सांगितलंस.

हा माणूस निष्काळजी.

माझ्या साक्षीत एक अपवाद नोंदवतो, कारण उलटतपासणीत तो निघेलच. त्या दक्षिण टोकाला मोठं अभयारण्य किनाऱ्यापर्यंत येतं, म्हणून रस्ता आत वळतो, आणि दोन दिवस चढउतार करून पलीकडच्या, पूर्वेच्या समुद्रावर निघतो. आपण तिथल्या एका लहान गावात अंधार पडता पडता पोहोचलो. पहाटे आभाळ भरलेलं होतं. आपल्याला उत्तरेला जायचं होतं. खोलीबाहेर सायकली काढताना तुझ्या-माझ्यात जे बोलणं झालं त्यावर आपलं अखेरपर्यंत एकमत झालं नाही. तू म्हणायचास की मी म्हणालो, मी म्हणतो की तू म्हणालास: समुद्र डाव्या हाताला ठेवला की उत्तर. बोरिवलीत जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. समुद्र म्हणजे वेस्ट. दक्षिणेला जाताना तो उजवीकडे होता, म्हणजे आता डावीकडे. आपण निघालो. एक पूल ओलांडला, वस्ती विरळ झाली, झाडी दाट झाली. आणि डाव्या हाताला, ढगांची कड फाडून, पाण्यातून सूर्य वर आला.

तू ब्रेक दाबलास. मी जवळजवळ तुझ्यावर आदळलो. तू त्या सूर्याकडे असा बघत होतास की जणू तो परवानगीशिवाय वर्गात शिरला आहे.

‘हा इथून कसा काय?’ तू म्हणालास.

मग मला हसू फुटलं, आणि तुला ते आवडलं नाही. दुधाचे कॅन लावून एक म्हातारा सायकलवरून समोरून आला. तू त्याला हातवारे करून आपल्या उत्तरेकडच्या मुक्कामाचा रस्ता विचारलास, ट्रिंको, ट्रिंको? त्यानं आपल्या मागे बोट दाखवलं. मग आपण जात होतो त्या दिशेकडे बघून एक हात नाकापुढे लांबवला आणि तो सोंडेसारखा हलवला. पुढे फक्त हत्ती होते.

तीस वर्षं मुलांना नकाशा भरायला लावलेला माणूस पूर्व दिशा विसरला, हे मी परत आल्यावर आपल्या इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर सांगितलं. तू प्रत्येक मजल्यावर माझ्या मागोमाग जाऊन खुलासा केलास. पण त्या सकाळी तू लगेच सायकल वळवली नाहीस, हे मी कुणाला सांगितलं नाही. तू ती झाडाला टेकवलीस आणि वाळूत जाऊन बसलास. मी म्हणालो, उशीर होतोय. तू म्हणालास की आपल्या समुद्रात दिवस फक्त बुडतो रे, उगवताना मी पहिल्यांदाच बघतोय, थांब जरा. मी थांबलो. त्या वाळूत माझ्या बायकोचं नाव आपल्या बोलण्यात आलं, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा ते मला जड गेलं नाही. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. त्या वेळी मी फक्त एवढंच म्हणालो की चूक तुझीच आहे. ती तुझीच होती. वाद अजून चालू आहे असं समज.

हा अपवाद मी विरुद्ध पक्षाच्या हातात स्वखुशीनं देतो. तू दिशा चुकलास. चाकाखालचा रस्ता कधी चुकला नाहीस.

त्या देशातली आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण आपला जुना वाद तिथे पेटला. दक्षिण किनाऱ्यावर एका गावात रस्त्याकडेचं गटार उघडं होतं आणि त्याच्यापाशी एक माणूस लाल कापड घेऊन उभा होता. काम चालू नव्हतं, जेवणाची वेळ होती. तरी तो उभा होता. थोड्या वेळानं दुसरा जेवून आला, त्यानं कापड हातात घेतलं, मग पहिला जेवायला गेला. आपण शेजारच्या टपरीवर शेवयांसारखं काहीतरी खात होतो. ते बघून तू, हे तर आईचे शिरवाळे, असं म्हणून दोनदा मागून घेतले होतेस. मी म्हणालो, या गावाच्या सभेला मी कौतुकाचं पत्र लिहिणार. तू शिरवाळे गिळत म्हणालास, ‘बरं आहे. तुझ्या आयुष्यातलं पहिलंच.’ मग गंभीर झालास आणि म्हणालास की आपल्याकडे असा माणूस उभा नसतो, म्हणून मी फांदी उभी करतो. तू तुझी पत्रं लिही.

तोच वाद. आपल्या भागात कुठे भोक दिसलं की तू फांदी शोधायला जायचास आणि मी लेटरहेड. तू म्हणायचास, पत्र वाचून कुणी थांबत नाही, फांदी बघून माणूस थांबतो. मी म्हणायचो, फांदी वाळते, पत्राची नोंद राहते. तू म्हणायचास, नोंदीत पाय अडकत नाही. तुझा युक्तिवाद माझ्यापेक्षा चांगला होता. मी तो मान्य केला नाही, कारण मी मान्य केलं असतं तर तुला फांद्या लावण्यात मजा आली नसती. वहिनींच्या जुन्या साड्या संपत आल्या होत्या. आता ह्यांना नवीन साडी फाडायला देते, असं त्या मला म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या रागात कौतुक होतं.

आता सोमवार.

तुझा फोन सकाळी आला. मी आंघोळ करून आलो होतो. तू म्हणालास, ‘वकील, मानलं तुला.’ मी कधी वकील नव्हतो, पण तू मला रागावला नसलास की वकील म्हणायचास. ‘आत्ताच बघून आलो. झाकण बसलं. फांदी काढलीय, रस्ता एकदम सपाट. तुझ्या पत्रानं काम केलं रे.’

मी म्हणालो, हे लेखी दे. तू हसलास आणि म्हणालास, भेटल्यावर देतो.

शशी, मी त्या दिवशी खूश होतो. आपल्या ओळखीच्या सगळ्या वर्षांत तू पहिल्यांदा माझ्या पत्रावर विश्वास ठेवला होतास. ज्या डबक्याचा तळ दिसत नाही तिथे चाक न घालणारा तू, मंगळवारी त्या सपाट मातीवरून सरळ गेलास, कारण तुझ्या मते तिथे झाकण होतं, आणि ते तुझ्या मित्रानं बसवून घेतलं होतं. भोक उघडं राहिलं असतं तर तू वळसा घातला असतास. फांदी राहिली असती तर तू तिला नमस्कार करून गेला असतास. भोक उघडं टाकणाऱ्याला मी आळशी म्हणेन. ज्यानं ते झाकल्यासारखं दाखवलं त्याच्यासाठी माझ्या शब्दकोशात शब्द आहे, पण तो वापरला तर माझ्यावरच खटला होईल, आणि मला अजून पत्रं लिहायची आहेत.

झाकण सुस्थितीत होते, असं ते लिहितात. मी मंगळवारी तिथे पोहोचलो तेव्हा तुला रिक्षातून नेलं होतं. तुझी सायकल कडेला आडवी होती आणि भोकात प्लायवूडचे दोन तुकडे लोंबत होते. मी फोटो काढले. पहिले सगळे धूसर आले, म्हणून पुन्हा काढले. दुपारी तिथे खरंच झाकण बसलं, लोखंडी, नवीन. त्यांच्या पाहणी अहवालाला जोडलेला फोटो त्या दुपारच्या झाकणाचा आहे. इस्त्रीवाला म्हणाला की साहेब, मी सांगेन, पण माझं टेबल फुटपाथवर आहे, तेवढं लक्षात ठेवा. मी लक्षात ठेवलं आहे. म्हणून त्याचं नाव इथे नाही.

तुझ्या तेराव्याला सगळे आले होते. तुझे गावचे भाऊ, शाळेतली मुलं जी आता पन्नाशीची आहेत, इमारतीतले. पंगतीत एकजण म्हणाला की सत्तरीच्या घरात सायकल कशाला. दुसरा म्हणाला, घरच्यांनी अडवायला हवं होतं. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, भात वाढता वाढता माणसं असंच बोलतात. पण वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि आत गेल्या.

नंतर मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मला जे सांगितलं ते तुला माहीत आहे, मला नव्हतं. मंगळवारी सकाळी तुझा गुडघा दुखत होता. तू त्यांना विचारलं होतंस, आज जाऊ की नको.

‘भाऊजी, मीच म्हटलं, जा,’ त्या म्हणाल्या. ‘घरात बसलात तर दिवसभर माझ्या डोक्याशी भुणभुण कराल, असं म्हटलं. हसत गेले. मी नको म्हटलं असतं तर थांबले असते.’

मी त्यांना सगळं सांगितलं. फांदी कुणी काढली, प्लायवूड कुणी टाकलं, अपघाताचं निकटचं, म्हणजे थेट कारण कशाला म्हणतात, कायदा कोणत्या कृतीला दोष लावतो आणि कोणत्या कृतीला लावत नाही. चाळीस वर्षांचं जे काही माझ्याजवळ होतं ते त्या ओट्यापाशी मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘तुम्ही असंच म्हणणार. तुम्ही त्यांचे. ज्यांनी लिहिलंय ना की चूक ह्यांची, त्यांनी म्हटलं तर मला खरं वाटेल.’

शशी, मी आयुष्यभर अनेक वाद जिंकले आणि काही हरलो. इतका साफ मी कधी हरलो नव्हतो. त्यांचं बरोबर आहे. मित्राची साक्ष आणि मित्राचा निर्णय एकाच माणसाला देता येत नाही. मी हजार वेळा म्हटलं तरी त्या घरात ते वाक्यच खरं राहणार, कारण त्याच्यावर शिक्का आहे. आणि ते वाक्य तुझ्यावर थांबलेलं नाही; तुला निष्काळजी म्हणताना त्यांनी तुला घराबाहेर पाठवणाऱ्या बाईला गुन्हेगार केलं आहे. ती रोज सकाळी तुझ्या निघण्याच्या वेळेला उठते आणि दाराकडे बघत बसते. मी दोनदा वर जाऊन हे पाहिलं आहे. तिसऱ्यांदा माझं धैर्य झालं नाही.

नुकसानभरपाईचा अर्ज आम्ही केलेला नाही. वहिनींना तो नको आहे. त्यामुळे माझ्या या मागणीत पैशाचा संबंध कुणी शोधू नये.

आता मी तुझ्याकडून तोंड वळवतो, क्षमा कर, कारण पुढचं तुझ्यासाठी नाही.

विभाग कार्यालयातील सक्षम अधिकारी, आपण कोण आहात हे मला माहीत नाही. ते आपल्याला माहीत आहे. त्या रविवारी भोकावर प्लायवूड टाकायचा हुकूम कुणी दिला? सुस्थितीतल्या झाकणाचा फोटो कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी काढला? ही उत्तरं माझ्या पत्त्यावर पाठवू नका. माझ्याकडे आपली पुरेशी उत्तरं आहेत. नागरिकांसाठी आपण सभा घेता, तिथे ध्वनिक्षेपक असतो. मी सुनंदावहिनींना घेऊन पहिल्या रांगेत बसेन. आपण उभे राहा, आपलं नाव सांगा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा की त्या सकाळी चूक त्या सायकलस्वाराची नव्हती, आणि ‘जा’ म्हणणाऱ्या त्याच्या बायकोचीही नव्हती.